फुले समोरून पाहण्याबाबत

दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडच्या किनाऱ्यावरची केशरी फुले सूर्याकडे तोंड करून उमलतात, आणि आमच्याकडे सूर्य उत्तरेला असतो. तीन दिवसांच्या तंबू-सहलीची मंजूर वाट मात्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. ती ठरवताना पुष्पदर्शन नियमन कक्षाने नकाशा भिंतीवर टांगला होता. त्यात उत्तर वर होती, आणि प्रगती वरच्या दिशेनेच होते यावर कक्षात एकमत होते.

परिणामी पर्यटकांना तीन दिवस डावीकडे समुद्र आणि समोर फुलांचे मागचे अंग दिसे. 'फुलांनी पाठ फिरवली' अशा अकरा तक्रारी आल्या. फुलांना नोटीस बजावता येईना, कारण त्यांचा पत्ता हंगामी होता. म्हणून नोटीस वाटाड्या काट्रिएना बेउकेस हिला बजावण्यात आली : पुढच्या सहलीत फुले समोरून दिसली नाहीत, तर परवाना रद्द. फुलांच्या सहा आठवड्यांवर तिचे वर्ष चाले.

तपासणीला निरीक्षक स्लाबर्ट स्वतः सहलीत आले.

"साहेब, वरच्या तळावर गाडीनं जाऊ आणि खाली चालत येऊ," त्यांच्या हातात रोइबोस चहाचा मग देत काट्रिएना म्हणाली. "सूर्य पाठीशी, फुलं तोंडासमोर. माझी आई इथंच शेळ्या राखायची, तिला ठाऊक होतं."

"आईकडे मंजूर नकाशा होता?"

"शेळ्या होत्या."

"मग झालं तर."

कलम ९ : वाटेवरील व्यक्तीने गंतव्यस्थानाकडे पाठ करू नये.

(हे कलम असे मधेच का आले, विचारू नका. स्लाबर्टसाहेबांच्या खिशात होते, त्यांनी काढले.)

"बरं, चालता चालता मान तरी वळवू द्या लोकांना. मानेला काय धाड भरलीय?"

"मान वळली की खांदा वळतो, बाई. खांद्यामागून माणूस. मग वाट मंजूर करून आम्ही काय मिळवलं?"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऊन तापले. आठ पर्यटक रांगेत उत्तरेकडे चालले होते. केपटाऊनच्या दंतवैद्य मारलीसबाईंनी नाकावरचे मलम नीट लागले का ते पाहायला फोन तोंडासमोर धरला आणि किंचाळल्या. फोनमध्ये त्यांच्या डोक्यामागे अख्खी टेकडी केशरी झाली होती.

"अगं बाई, ही कुठून आली?"

"सकाळपासून तुमच्या मागंच आहेत, ताई. वळा ना जरा!"

"छे गं, वळले तर फोनमधून जातील!"

स्लाबर्टसाहेबांनी पडताळणी केली. तोंड उत्तरेकडे, पाऊल पुढे, फुले समोरून. कुठलेच कलम दुखावले नव्हते. त्यांनी जागीच आदेश काढला, की यापुढे फोन हातभर लांब धरूनच चालावे. आठही जण तसे चालू लागले. तिघे साळिंदराच्या बिळात पाय घालून बसले. एक जण खडकावरून समुद्रात गेला. पडतानाही त्याचे तोंड उत्तरेकडे होते, अशी नोंद आहे. तो गारठून, पण समाधानाने वर आला.

शेवटच्या संध्याकाळी आठही पर्यटकांनी लिहून दिले : फुले समोरून दिसली. डोळ्यांनी एकही फूल कोणी पाहिले नव्हते. तसे अर्जात विचारलेही नव्हते.

"सुटलात, बेउकेसबाई," साहेब म्हणाले. "कक्षाचा आदेश येईल, आनंदाचाच असेल."

आदेश बाराव्या दिवशी आला. परवाना रद्द. कारण : मारलीसबाईंनी जगाला दाखवलेल्या फोटोत आठ हसरे चेहरे आहेत, मागे केशरी टेकडी आहे, आणि कडेला मार्गदर्शक पाठमोरी उभी आहे. ती फुले बघत होती. त्यामुळे दृश्याची हानी झाली, असा जनतेचा स्पष्ट अभिप्राय आहे.

तो अभिप्राय आदेशाला जोडला आहे : 'झक्कास फोटो! कडेची ती बाई तेवढी कापा.'

तुम्ही रोज असे कितीतरी लिहिता, त्यामुळे आता आठवणार नाही. पण त्या अभिप्रायाखाली नाव तुमचेच आहे, आणि कक्षाने ते लिहिताना एकही चूक केलेली नाही.