डावीकडचं बटण

"सगळं उलटं करायचं," मालक म्हणाले. "आपण डावीकडून वाचतो, ती मंडळी उजवीकडून वाचतात. तेव्हा आपलं पान त्यांना आरशातल्यासारखं दिसलं पाहिजे. जमेल?"

"जमेल," नवीन मुलगी म्हणाली. न जमून सांगते कोणाला!

तिला या ऑफिसात येऊन बरेच महिने लोटले होते, तरी ती नवीन मुलगीच होती. तिच्यानंतर कोणी आलंच नव्हतं, आणि मालकांनी तिला अजून कायमही केलं नव्हतं. विषय निघाला की "बघू" म्हणत आणि खरोखरच दुसरीकडे बघत. दुकान दिव्यांचं होतं. टेबलावरचे, भिंतीवरचे, उशाशी ठेवायचे. पण आत शिरून हात लावावा असं दुकान कुठेच नव्हतं, सगळी विक्री इंटरनेटवर. पुढच्या खोलीत मालक, मधल्या खोलीत नवीन मुलगी, आणि मागच्या खोलीत खोक्यांच्या ढिगाऱ्यात पॅकिंगवाले काका.

शहरात हल्ली अरबी बोलणारी बरीच कुटुंबं राहायला आली होती. ती फोनवरून दुकानात डोकावत, दिवा निवडत, आणि पैसे भरायच्या पानावर आली की काढता पाय घेत.

"ते पान त्यांच्या भाषेत कर. ऑर्डरी आल्या तर तू कायम," मालक म्हणाले. "नाही आल्या, तर बघू."

या वेळचं 'बघू' तिला परवडणारं नव्हतं. या नोकरीच्या भरवशावर तिने नुकतीच भाड्याने खोली घेतली होती आणि घरी आईला "कायमच आहे समज" असं सांगूनही टाकलं होतं.

ती कामाला लागली. उत्साहाच्या भरात तिने दिव्यांचे फोटोही उलटे केले आणि फोन नंबरसुद्धा. दिव्याची चौकशी करणारा एक फोन थेट दाताच्या दवाखान्यात गेल्यावर ते तिने गुपचूप निस्तरलं. बटणांची मात्र अदलाबदल हवीच होती. जुन्या पानावर 'रद्द करा' डावीकडे आणि 'ऑर्डर पक्की करा' उजवीकडे असे. अरबी पानावर दोघांनी जागा बदलल्या. मग पानावरचा शब्द न् शब्द उचलून तिने भाषांतर करणाऱ्या बाईंकडे पाठवला.

शब्द न् शब्द म्हणजे अगदी एकूण एक. आणि तिथेच घोळ झाला.

कारण मालकांची एक जुनी सवय होती. रोज सकाळी चहा पिता पिता ते स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन शिरत, यादीतला पहिला दिवा उचलत, शेवटच्या पानापर्यंत जात आणि 'रद्द करा' दाबून परत येत. दुकान चालू आहे ना, हे बघायची त्यांची ही रीत. या खोट्या गिऱ्हाइकाची माहिती त्यांनी कायमची भरून ठेवली होती. नावाच्या जागी 'सासूबाई', खाली सासूबाईंच्या घराचा पत्ता आणि त्यांचाच फोन.

"चाचणीला असाच पत्ता घालावा," ते म्हणत. "तिथे मी कधी काही पाठवत नाही, हे पक्कं."

ते खरंच होतं. सासूबाईंनी एकदा उशाशी ठेवायला दिवा मागितला होता, तेव्हा जावयाने त्यांना सवलतीची लिंक पाठवली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

भाषांतराच्या बाई कामाच्या चोख. त्यांनी सासूबाईंनाही अरबीत लिहून पाठवलं, पत्त्यासकट. नवीन मुलीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिने जसं आलं तसं पानावर चढवलं.

पान सुरू झालं त्या सकाळी मालक चहा संपवून हात चोळत बाहेर आले. "चालतंय बरं का! शेवटपर्यंत जाऊन आलो. रद्द केल्यावर हिरवी खूणसुद्धा आली, छान वाटलं."

तेवढ्यात मागच्या खोलीतून काका ओरडले, "अरबी ऑर्डर आली!"

मालक धावले. पत्त्याच्या चिठ्ठीवरून त्यांनी कौतुकाने बोट फिरवलं. "काय देखणी अक्षरं आहेत!"

"देखणी आहेत, पण पोचणार कशी?" काकांनी विचारलं.

"फोन नंबर आहे ना आकड्यांत? कुरियरवाला विचारून घेईल."

सासूबाईंचा नंबर जावयाला पाठ असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ऑर्डर आली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मालक चहा पीत, पान तपासत, आणि कप खाली ठेवायच्या आत काका ओरडत. चाचणीचे पैसे दुकानाच्याच खात्यातून निघून दुकानाच्याच खात्यात पडत, म्हणजे या खिशातून त्या खिशात. त्यामुळे तिथेही कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मालक फोनवर मित्रांना सांगू लागले, "आमच्याकडे आता अरबी विभाग आहे." नवीन मुलीला त्यांनी दोनदा चक्क नावाने हाक मारली. तिने आईला फोन करून सांगितलं, की आता खरंच कायम समज.

मग एका सकाळी काका खोकं घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"मला एक सांग," ते हळूच म्हणाले. "हा माणूस रोज तोच दिवा का मागवतो? अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण रोज बघून बघून वळणं ओळखीची झालीत. तोच पत्ता आहे. आज दुसरीही एक आलीय, तिची वळणं तेवढी वेगळी आहेत."

दुसरीचं तिने ऐकलंच नाही. तिने रोजच्या चिठ्ठीचा फोटो काढून भाषांतराच्या बाईंना पाठवला आणि लगेच फोन लावला.

"अगं, हे तर तूच पाठवलं होतंस," बाई म्हणाल्या. "'सासूबाई, पिठाच्या गिरणीमागे, दुसरा मजला.' मला वाटलं, तुमच्याकडे गिऱ्हाइकांना प्रेमाने असं म्हणतात."

फोन ठेवल्यावर तिला सगळं लख्ख दिसलं. मालकांचा चहा, मालकांचा अंगठा, डावीकडचं बटण. अरबी विभाग म्हणजे एक सासू होती. गप्प राहावं, असं तिला क्षणभर फार वाटलं. कायमचा कागद हातात पडेपर्यंत तरी गप्प राहावं. पण उद्या पुन्हा चहा होणार, पुन्हा दिवा जाणार, आणि खोट्या ऑर्डरींवर मिळालेली नोकरी तिला पचली नसती. ती उठली आणि मालकांच्या खोलीत गेली.

"मला जरा बोलायचंय," ती म्हणाली.

"जावईबापू आहेत का?" दारातून आवाज आला.

सासूबाई उभ्या होत्या. हातातल्या पिशवीतून पिवळ्या टोपीचा दिवा डोकावत होता. मालक अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"चारचौघांत मी तुम्हाला दिव्याखाली अंधार म्हणत होते," सासूबाई आत येत म्हणाल्या. "जीभ झडो माझी. एक दिवा मागितला होता, तर तुम्ही रोज एक पाठवताय! आणि वर नाव लिहायला लाजून ती नक्षी काढताय. फोन करणार होते, पण म्हटलं नको. हटकलं तर थांबायचे."

मालकांनी दिव्याकडे पाहिलं, मग नवीन मुलीकडे. ती जमिनीकडे बघत होती.

"डावीकडचं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"हो. त्यांच्या पानावर रद्द उजवीकडे असतं," ती पुटपुटली. "आणि पत्ता माझ्या हातून अरबीत गेला. चूक माझी आहे."

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

मालकांनी सासूबाईंपुढे खुर्ची सरकवली. "काही नाही. विचारतेय, दिवे पोचले ना नीट."

"पोचले म्हणजे? घरात मावेनात. अख्ख्या जिन्यात वाटले. वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्यात, अरबी बोलणाऱ्या. आम्हाला एकमेकींचं अक्षर कळत नाही. त्यांना एक दिला, तर इतक्या खूश! खोक्यावरचं तुमचं दुकान त्यांनी फोनवर काढलं आणि आज सकाळी माझ्यासमोर सरसर बटणं दाबून बहिणीसाठी आणखी एक मागवला."

"तीच ती!" दारात उभे असलेले काका म्हणाले. "वेगळ्या वळणांची!"

सासूबाई चहा घेऊन, दोनदा डोळे पुसून गेल्या. मालकांनी रिकामे कप एका बाजूला सारले. हा माणूस आता 'बघू' म्हणणार, या भीतीने नवीन मुलगी खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"एक तर एक, पण खरी ऑर्डर आली," अखेर ते म्हणाले. "उद्या तुझा कागद करू. आणि तो चाचणीचा पत्ता काढून टाक."

तिने तो त्याच दुपारी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला मागच्या खोलीतून हाक आली, "आली! जुनीच वळणं!"

तिने हातातलं काम टाकलं. ती धावत पुढच्या खोलीत गेली. "अहो, मी पत्ता काढला होता! तरी कसा आला? आणि तुम्ही पुन्हा डावीकडचंच दाबलंत!"

"कालची चिठ्ठी घेतली काकांकडून. त्यावरून बघून बघून भरला," मालक म्हणाले. "तासभर गेला. अवघड आहे गं ती लिपी."

"पण त्यांच्या घरात आता दिवे मावत नाहीत."

"ठाऊक आहे," मालकांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "म्हणून तर या वेळी भिंतीवरचा घेतलाय."