गाठ उत्तरपूजेला सुटेल

सत्यनारायणाच्या पूजेला नवरा-बायकोनं जोडीनं बसावं, हा नियम ज्यानं घातला त्याच्या घरात कधी अबोला झाला नसावा. माले गावातल्या धनाजीच्या घरात आज अबोल्याचा बारावा दिवस होता. दोघे शेजारी शेजारी पाटावर बसले होते आणि गुरुजींनी धनाजीच्या उपरण्याला वैभवीच्या पदराची गाठ मारली होती.

"यजमानांच्या हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले.

वैभवीनं एक बोट पुढं केलं आणि तापल्या तव्याला लावावं तसं धनाजीच्या कोपराला लावलं.

भांडणाचं मूळ मटणात होतं. आखाडातल्या रविवारी धनाजीनं बोकड आणून भावकीला जेवण घातलं. वैभवीचा धाकटा भाऊ बिरदेवही ताम्हिणीहून आला होता. वैभवीनं पाट्यावर मसाला वाटला, चुलीपुढं तीन तास डोळे लाल केले. पण मटण काही केल्या शिजेना. शेवटी तसंच वाढलं. आणि भर पंगतीत, तिच्या भावादेखत, धनाजी म्हणाला, "लग्नाला अकरा वर्सं झाली, पर हिला मटान काय जमत न्हाई. वहाणंचं कातडं चावल्यागत लागतंय!"

पंगत खो खो हसली. बिरदेव तेवढा खाली मान घालून चावत राहिला.

बाईला एक वेळ मारलेलं विसरता येईल, पण माहेरच्या माणसापुढं हाताच्या चवीला ठेवलेलं नाव विसरता येत नाही. वैभवीनं तोंडाला कुलूप घातलं. आज पंचमीसाठी बिरदेव मुराळी म्हणून न्यायला येणार होता. तिची पिशवी भरून तयार होती, आणि त्या पिशवीत दिवाळीपर्यंत पुरतील एवढी लुगडी होती, हे फक्त देव्हाऱ्यातल्या बिरोबाला ठाऊक होतं. रोज सकाळी दिवा लावून ती त्याला म्हणे, "देवा, त्यांनी माज्या भावापुढंच चूक कबूल करावी. तवर मी आधी तोंड उघडणार न्हाई. एवढं बळ दे." दिव्यापुढं उभं राहिलं की तिला खरंच हलकं वाटायचं. घरात निदान एक जण तरी मधे न बोलता ऐकून घेणारा होता.

पूजा झाली, आरती झाली. श्रावणात गुरुजींना श्वास घ्यायला सवड नसते. "संध्याकाळी उत्तरपूजेला येतो," म्हणत त्यांनी स्कूटरला किक मारली आणि ते पुढच्या पूजेला ताम्हिणीकडे गेलेसुद्धा. गाठ तशीच राहिली.

वैभवीनं गाठीला हात घातला, तशी सासू चिमाबाई ओरडली, "आगं, हात नगं लावू! देवाफुडली गाठ हाय. गुरुजींनी बांधली, गुरुजीच सोडत्याल. उत्तरपूजेला सुटंल."

"आये, सांजंपातूर?" धनाजी कळवळला.

"पोथीत काय आईकलंस? प्रसाद टाकून उठली तिच्या नवऱ्याची नाव बुडाली. तुज्याकडं नाव न्हाई, म्हंजी तूच बुडायचास."

आता धनाजीला तंबाखूसाठी अंगणात जायचं होतं आणि वैभवीला शिरा वाढायला चुलीपाशी. दोघांनी एकदम आपापल्या दिशेनं पाऊल टाकलं आणि उंबऱ्यावर अडकले. गाठ आणखी आवळली.

"आये, तिला म्हणावं, जरा भायेर चल."

"आत्या, त्यास्नी म्हणावं, मानसं प्रसादाला खोळंबल्यात."

दोघांत एक हाताचं अंतर होतं. चिमाबाई मात्र निरोप पोचवायला कोपऱ्यातून उठून मधे यायची, बोलायची आणि परत जाऊन बसायची. तीर्थ घ्यायला आलेली धोंडाबाई म्हणाली, "कसा ग्वाड जोडा हाय! घरात बी जोडीनं फिरत्यात." जोड्यानं दोन दिशांना तोंडं फिरवली.

इतक्यात मागल्या दाराकडून आरडाओरडा ऐकू आला. पूजेच्या गडबडीत गोठ्याची कडी कुणी लावलीच नव्हती. धनाजीच्या तेवीस शेळ्या शेजारच्या अण्णासाहेबांच्या भाताच्या खाचरात शिरल्या होत्या, आणि अण्णासाहेब बांधावरून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणत होते, "धन्या, तुज्या शेळ्यास्नी बी प्रसाद हवाय व्हय रं?"

मग काय, दोघं धावली. धनाजी सोवळ्यात, वैभवी नऊवारीत, मधे ती गाठ. तो लांब ढांगा टाकी, ही लहान पावलं. तिसऱ्या बांधापर्यंत दोघांचा पाय एका लयीत पडायला लागला. अकरा वर्षं एका कळपामागं हिंडलेली माणसं ती. शेळी कुठं वळणार हे दोघांनाही बोलल्याशिवाय कळत होतं. बावीस शेळ्या बघता बघता बाहेर निघाल्या. उरली एक पांढरी शेळी, तिनं मात्र खाचराच्या मधोमध ठाण मांडलं.

"वैभवी, बांधाकडनं घाल तिला!" धनाजी ओरडला.

वैभवी जागच्या जागी थांबली. धनाजी थांबला नाही. गाठीला हिसका बसला आणि दोघंही चिखलात उताणी झाली.

"तुमी आधी बोललासा!" वैभवीचे डोळे चिखलातही चमकत होते.

"मी शेळीला बोल्लो."

"शेळीचं नाव वैभवी हाय व्हय?"

बारा दिवसांचं तुंबलेलं पाणी फुटलं. तिनं त्याला आधी मटणावरून झापलं, मग त्याच्या घोरण्यावरून, मग पाच वर्षांपूर्वीच्या एका छत्रीवरून. धनाजी चिखलात बसून ऐकत राहिला. किती बरं वाटत होतं त्याला! मग एकाएकी तिचा आवाज बारीक झाला. "बिरदेव येतुया. मी दिवाळीपातूर येनार न्हाई. फुडचं म्हाईत न्हाई."

धनाजी सोवळ्याचा चिखल निपटत बसला आणि शेवटी पुटपुटला, "मटान तुज्यामुळं बिघडलं न्हवतं."

"मंग?"

"बोकड म्हातारा व्हता. बाजारात दलालानं मला फशिवलं. दीड वर्साचा म्हनून आनला, घरी येऊन दात बघितलं तर आजोबा! आता धनगराच्या पोराला बोकडाचं वय कळंना, हे भावकीत कुनाला सांगू? म्हनून तुज्यावर ढकाललं."

वैभवी बघतच राहिली. आणि मग तिला हसू फुटलं, असं की शेळीसुद्धा घाबरून आपणहून बाहेर पडली. "आवं, लाज तुमची आन् नाक कापलं माजं!"

"चुकलो. मापी कर."

"मला नगं. बिरदेवापुढं म्हना."

दोघं चिखलानं माखून अंगणात आली तेव्हा बिरदेव मोटरसायकल लावून उभाच होता. धोंडाबाई होती, अण्णासाहेब भांडायला मागोमाग आले होते, भावकीतले चार जण प्रसाद खात होते. त्या सगळ्यांपुढं धनाजीनं हात जोडले.

"बिरदेव, तुज्या ताईचा हात सोन्याचा हाय. बोकडच म्हातारा व्हता. मी बाजारात फसलो. मला बोकड कळला न्हाई."

वैभवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मनातल्या मनात तिनं बिरोबाला दंडवत घातला. देवाकडं एका हातानं मागावं आणि त्यानं दोन्ही हातांनी द्यावं, तसं झालं होतं. आता पंचमीला जायचं, ते पंचमी झाली की परत यायला.

बिरदेवचा चेहरा मात्र पडला. तो मोटरसायकलच्या आरशाशी चाळा करू लागला.

"दाजी, येवढं मनाला लावून घेऊ नगासा," तो म्हणाला. "त्यो बोकड कुनालाच कळला नसता. शिंगाला तेल लावून, पाठ खरारून मीच इकला व्हता त्या दलालाला. डावा कान फाटका व्हता ना?"

"व्हय," धनाजी म्हणाला.

"पयल्याच घासाला वळखला मी त्येला. न्हानपनापास्नं सांबाळलेला. पर जेवताना कसं बोलायचं?"

वैभवीनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडं. बारा दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. बिरदेवनं ते ओळखलं आणि तो हळूहळू मागं सरकायला लागला.

"या हिकडं, गाठ सोडते," चिमाबाई उठत म्हणाली. "आरती झाली की सोडायचीच असती ती. चाळीस वर्सं पूजा बघतीया मी."

"थांबा!" दोघं एकदम ओरडली. "आदी ह्येला धरू द्या!"

आणि एका लयीत पावलं टाकत ती जोडीनं बिरदेवच्या मागं धावली.