अष्टमीची पाऊणपट

आलमबागच्या आमच्या इमारतीत भरती-ओहोटीची नेमकी वेळ सांगू शकणारे एकच गृहस्थ आहेत: तिसऱ्या मजल्यावरचे बेहेरेकाका. लखनऊपासून समुद्र हजारभर किलोमीटर दूर असल्यामुळे या माहितीला मागणी नाही. पुरवठा मात्र अखंड आहे.

काका मूळचे रत्नागिरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंते. भेटेल त्याला ते रत्नागिरी-दर्शनाचा कार्यक्रम आखून देतात: ऊन चढण्याआधी रत्नदुर्ग, मग दीपगृह, दुपारी थिबा राजवाडा. "आणि समुद्रावर जाण्याआधी तिथी बघायची. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ!" सब्जीवाल्यालाही त्यांनी हे एकदा हिंदीतून समजावले. तो म्हणाला, "अंकल, हमें तो बगल के हरदोई जाने की छुट्टी नहीं मिलती."

मी भौतिकशास्त्राची. आधी हसले, मग घरी जाऊन नियम पडताळला. ठोकताळा म्हणून तो उत्तम निघाला. हे काकांना सांगण्याइतका मोठेपणा माझ्यात नव्हता.

मागच्या हिवाळ्यात एका चर्चासत्रासाठी मी खरोखरच रत्नागिरीला निघाले. काकांनी दोन पानी कार्यक्रम लिहून दिला. शेवटच्या ओळीखाली तांबडी रेघ होती: मांडवीच्या किनाऱ्याच्या टोकाचा चपटा खडक.

"लग्नानंतर मी आणि तुझी काकू तिथे बसायचो. ती गेल्यावर मी गेलो नाही. एकट्याने बघायची जागा नाही ती." मग एकदम अभियंत्याच्या स्वरात, "ओहोटीलाच वर येतो. त्या दिवशी अष्टमी आहे, बाराला पोच. अजून शाबूत आहे का, एवढंच सांग, हाँ?"

बाराला माझे सादरीकरण संपले. त्याच वेळी एका ज्येष्ठ संशोधकांशी ओळख करून घेण्याची संधी चालून आली. मी ती घेतली. त्यांना माझे नावही लक्षात राहिले नाही.

परतल्यावर काकांकडे गेले, तर मी चप्पल काढण्याआधीच त्यांनी विचारले, "खडक आहे?"

"आहे ना, काका! संध्याकाळी सहाला त्याच्यावरच बसले होते. काय सूर्यास्त होता!"

काका स्वयंपाकघराकडे वळले. "अच्छा. सहाला." मग म्हणाले, "दमली असशील. चहा टाकतो."

चहा पिऊन जिना उतरताना हिशेब आपोआप झाला. अष्टमीची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, म्हणजे खडक पाण्याखाली. वर जाऊन खरे सांगायला बाराच पायऱ्या चढायच्या होत्या. मी चढले नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे मिश्राजी कोकणात निघाले. त्यांच्या हातातला कागद मी पाहिला. किल्ला होता, दीपगृह होते, राजवाडा होता. तांबडी रेघ नव्हती.

"काका, खडक राहिला," मी म्हणाले.

"तो तू बघून आलीस ना," काका शांतपणे म्हणाले. "आता आणखी कोणाला कशाला त्रास?"