आकाशगंगेसाठी मिक्सर बंद

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. त्यावर रोज खडूनं लिहिलेलं असतं, "आज मिक्सर बंद, ११.१६ ते ११.२६." दुसऱ्या दिवशी ११.१२, तिसऱ्या दिवशी ११.०८. नवीन भाडेकरूला वाटतं वीज जाणार आहे. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन सांगावं लागतं, की बाबा रे, वीज जात नाही, आकाशगंगा येते.

हा फळा वाघमारे काकांचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेला, आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहणारा माणूस. तेलाचे पत्र्याचे डबे कापून, जोडून त्यांनी गच्चीवर एक भलामोठा भोंगा उभा केलाय, तोंड आभाळाकडं. भोंग्याला वायर, वायरीला लॅपटॉप. आकाशगंगेतल्या हायड्रोजनकडून रेडिओच्या लहरी येतात, त्या हा भोंगा पकडतो. त्याला रात्रच लागते असं नाही, भर उन्हातही चालतं. चालत नाहीत त्या फक्त आमच्या मिक्सरच्या मोटारी, त्यांची खरखर मधे येते. आणि आकाशगंगा रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येते, म्हणून फळा सरकतो. सहा वर्षं झाली, माझी शेंगदाण्याची चटणी आकाशगंगेच्या सोयीनं वाटली जाते.

"काका, एवढं करून ऐकू काय येतं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सूं."

"बस? एवढंच?"

"मॅडम, लई लांबून येऊन राहिलंय ते. हाक आली तर ओ द्यावी माणसानं."

हे त्यांचं पालुपद. दहा मिनिटं झाली की जिन्यातून ओरडतात, "झालं गं!" आणि गल्लीतले सगळे मिक्सर एकदम सुरू होतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी खरं सांगते, मी त्यांना अर्धवटच समजत होते.

मग आईचा उजवा हात बधिर व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, एमआरआयशिवाय काही सांगता येणार नाही, आणि उशीर करू नका. माझी आई किनवटच्या जंगलाकडची, अस्वलाला न भिणारी बाई. त्या मशीनमधून दोन मिनिटांत बेल दाबून बाहेर आली. "मी त्या बोगद्यात जाणार न्हाई. जित्तेपणी गाडून घेऊ का?" मी समजावलं, भांडले, रडले. आई ढिम्म. हातातून पेला गळून पडायला लागला तरी ढिम्म.

काकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघींना गच्चीवर बोलावलं. तिथं पाण्याची एक जुनी प्लॅस्टिकची टाकी आडवी ठेवलेली, दोन्हीकडून कापलेली, आत सतरंजी आणि उशी.

"ताई, पडा आत."

"ह्ये काय खूळ काढलं?"

"आधी हे बघा." काकांनी लॅपटॉपवरच्या रेघेत आलेलं टेंगूळ दाखवलं, आईच्या कानाला हेडफोन लावला. "हा आभाळातला हायड्रोजन. तुमच्या अंगातल्या पाण्यात बी हाच हाय. ते मशीन म्हणजे चुंबक आन रेडिओ. ते अंगातल्या हायड्रोजनला हाक मारतंय, तो ओ देतो, त्याच्यावरून फोटो निघतो. ओ द्यायचं काम त्याचं. तुम्ही फकस्त गप पडायचं."

आई कानातलं सूं ऐकत बराच वेळ उभी राहिली, आणि मग पदर खोचून टाकीत शिरली. काका बाहेरून लाटण्यानं टाकी बडवायला लागले. का, तर मशीनही असंच ठोकतं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, आठव्या दिवशी पंचवीस. समोरच्या गच्चीवरच्या बायका पापड सोडून बघत बसायच्या. नवव्या दिवशी त्या ठोकाठोकीत आई आत चक्क घोरायला लागली. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

एमआरआय झाला. मानेच्या मणक्यात गाठ होती. वेळेत सापडली, वेळेत निघाली. आज आई त्याच हातानं ज्वारीची भाकरी थापते. काकांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

चटणीचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले, तेव्हा विचारलं, "काका, टाकी आधीपासूनच कापलेली होती का?"

"हाव. सुमनसाठी कापली होती." सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, आम्ही इथं राहायला यायच्या आधीच वारल्या होत्या. "तिलाबी हाच एमआरआय काढायला सांगितला होता. ती भ्याली. मी म्हणलं, त्यात भ्यायचं काय, आन ड्युटीवर गेलो. टाकीचं सुचलं तवर लई उशीर झाला." डब्याचं झाकण ते उगाच उघडत-लावत होते. "भोंगा नवा होता तवा एकटी तीच मिक्सर बंद ठेवायची. वाटण घेऊन खाली बसून ऱ्हायची. मी 'झालं गं' म्हणलं की खालून ओ द्यायची. आता सवय जात न्हाई."

आणि आम्ही सगळ्या समजत होतो, ती हाक आपल्याला आहे.

घरी येऊन आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं संपली, जिन्यातून हाक आली, "झालं गं!" मी मिक्सरच्या बटणाकडं हात नेला, तो आईनं धरला, उजव्या हातानं, चांगला घट्ट. मग खिडकीत जाऊन तिनं आवाज दिला,

"ओ! च्या टाकलाय, या खाली."

थोड्या वेळानं जिन्यात चपला वाजल्या. त्या दिवशी आमचा मिक्सर जरा उशिरानंच लागला.