राखेसंबंधी तातडीची बैठक

"या वेळी बैठक अशी गाजेल, की संचालकबाई बघतच राहतील!" विमानतळाचे नियोजन अधिकारी छाती फुगवून म्हणाले. सगळे त्यांना आराखडेसाहेब म्हणत. चहाला जायचं, तरी हा गृहस्थ आराखडा करायचा, तोही तीन प्रतींत!

दूरच्या एका ज्वालामुखीने धूर काढायला सुरुवात केली होती. राख उडाली, की विमानं बंद! तेव्हा काय करायचं, हे विमान कंपन्या, वैमानिक, हॉटेलवाले अशा सगळ्या संबंधितांना विचारून ठरवायचं होतं. आधीच्या दोन्ही बैठकांत ही मंडळी मूग गिळून बसली. बाईंनी बजावलं होतं, "पुन्हा कोणी बोललं नाही, तर तुमची बदली हरवलेल्या सामानाच्या विभागात!"

साहेबांनी आपला फोन नव्या टंकलेखिकेला दिला. "लिहा. राखेसंबंधी तातडीची बैठक, उद्या अकरा वाजता, विमानतळाचं सभागृह, अवश्य यावे. 'संबंधित' नावाची यादी आहे, सगळ्यांना धाडा!"

यादी होती. तिच्या खालोखाल 'संबंधी' नावाचीही एक होती. बिचारीचं बोट जरा खाली पडलं, एवढंच!

दुसऱ्या दिवशी अकराला दार उघडलं आणि साहेबांची थोरली आत्या डोळे पुसत आत आली. मागोमाग मामा, काका, काकू, मावश्या, मेव्हणा. मोजून तेवीस नातेवाईक!

आत्याने समोर पाहिलं आणि किंकाळीच फोडली. "अगं बाई! हा तर जिवंत आहे!"

"म्हणजे? मला काय झालंय?"

"अरे, तुझ्याच फोनवरून राखेचा निरोप आला! आम्हाला वाटलं, तू गेलास आणि सूनबाईने कळवलं!"

"मी रजा टाकून आलोय," मामा जरा नाराजीनेच म्हणाले.

तेवढ्यात संचालकबाई आल्या. त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली.

"हेच का संबंधित?"

"हो... अगदी जवळचे," साहेब कसेबसे म्हणाले.

मग त्यांनी आराखडा वाचायला घेतला. "विमाने बंद झाल्यास प्रवाशांची योग्य ती व्यवस्था करण्यात येईल."

"कोण करणार?" मेव्हण्याने विचारलं.

साहेबांनी घाईघाईने पुढचं पान उलटलं.

"म्हातारी माणसं झोपणार कुठे? फरशीवर?" काकू कडाडल्या.

"माझी साखरेची गोळी बॅगेत, बॅग विमानात! मी काय करायचं?" मामा उठून उभे राहिले.

मग तेवीस तोंडं एकदम सुटली! तान्ह्या बाळांचं दूध, संडासांची संख्या, घरी कळवायचं कसं, एक गोष्ट सोडली नाही. बाई भराभरा लिहून घेत होत्या. दोन तासांनी त्यांनी वही मिटली.

"आराखडा रद्दीत घाला. पण ही समिती कायम! अध्यक्ष, आत्याबाई!"

"आणि... माझी बदली?" साहेबांनी विचारलं.

"ते अध्यक्षांनीच ठरवावं."

साहेबांच्या जिवात जीव आला. शेवटी सख्खी आत्या!

आत्याने क्षणाचाही विचार केला नाही. "हरवलेल्या सामानातच पाठवा त्याला! माझी निळी बॅग गेल्या वर्षीपासून सापडत नाहीये!"