दात छत्तीस, रंग तांबडा

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये पुंजाराम बोरसे शर्यतीच्या गाड्या बनवत असत. ही गोष्ट आठ वर्षे कोणत्याही कचेरीच्या लक्षात आली नाही. त्यामुळे कारखाना आठ वर्षे उत्तम चालला.

पुंजाराम मूळचे देवगाव रंगारीचे. वाळूजच्या एका कंपनीत त्यांनी बावीस वर्षे फिटर म्हणून काढली. पुढे कंपनीने यंत्रमानव आणले आणि पुंजारामांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवले. शाल त्यांनी बायकोला, साळूबाईंना दिली, नारळाची चटणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ते शहागंजातल्या भंगारवाल्याकडून एका मोटारसायकलचे इंजिन घेऊन आले. पहिली गाडी जोरात पळाली, पण वळली नाही. दुसरी वळली, पण थांबली नाही. तिसरी वळायची आणि थांबायचीही, फक्त दोन्ही एकाच वेळी करायची.

या टप्प्यावर चारुता सेलूकर आली. मेकॅनिकलची इंजिनिअर. घरात तीन पिढ्या कारकून आणि बँक अधिकारी. मुलगी दिवसभर स्पर्धेची तयारी करते, असे तिचे वडील लोकांना सांगत आणि ते खरेच होते. चारुताने नकाशे काढले, पुंजारामांनी वेल्डिंग केले, आणि चौथी गाडी तयार झाली. तांबडी, एका माणसाची, जमिनीपासून चार बोटे वर. चारुता ती चालवत कोइमतूरच्या शर्यतीत उतरली आणि बावीस गाड्यांत चौथी आली. त्या दिवशी पुंजारामांनी परक्या मुलुखात, भाषा न समजणाऱ्या चहावाल्याला मिठी मारली.

वर्तमानपत्रात पाचव्या पानावर बातमी आली, आणि घात झाला.

जिल्ह्यात एक 'वेग नियमन कक्ष' होता. तो स्थापन झाला तेव्हापासून त्याला काम नव्हते, कारण रस्त्यांची अवस्था अशी की नियमन करण्याइतका वेग जिल्ह्यात कुठे सापडतच नव्हता. कक्षाचे प्रमुख हेमचंद्र कायगावकर यांनी बातमी कात्रीने कापली, फाइलला लावली आणि पुंजारामांना बोलावून घेतले.

"बसा, पुंजारामजी. अभिमानाची गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "आता तेवढा हा अभिमान नियमित करून घ्या."

त्यांनी अर्ज पुढे सरकवला. वाहनाच्या वापराचे पाच प्रकार छापलेले होते : प्रवासी, माल, शेती, रुग्ण आणि शव.

"साहेब, आमची शर्यतीची हाय."

"शर्यतीचा रकाना नाही."

"मंग कशात टाकायची?"

कायगावकर साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी तीन जाड नियमावल्या उतरवल्या, बोट लावून वाचल्या आणि शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं! शर्यत हा शब्द आपल्याकडे एकाच ठिकाणी येतो. बैलगाडा शर्यत. म्हणजे तुमचा विषय पशुसंवर्धनाकडे जातो. धावणाऱ्याची पशुवैद्यकीय तपासणी करून दाखला आणा."

"साहेब, पण तिला बैलच नाय. निस्ती गाडी हाय."

"बैलगाडा म्हणजे काय हो? गाडाच ना? तुमचं अर्धं प्रकरण तर आधीच नियमात बसतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पंधरा दिवसांत दाखला आला नाही, तर शेडला सील लावावं लागेल. मला वाईट वाटेल, पण सील लागेल."

जानेवारीत पुन्हा कोइमतूर होते. शेडला सील म्हणजे सगळेच संपले. पुंजारामांनी जनावरांच्या दवाखान्यात गाडीचे नाव नोंदवले.

डॉक्टर देवेश तरुण होते, कामसू होते आणि त्यांना त्याच दिवशी आणखी तीन गावे उरकायची होती. ते शेडमध्ये आले, गाडीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि फॉर्म काढला.

"पाय?"

"चार," पुंजाराम म्हणाले.

"शिंगं?"

"नाय."

"काढलेली की जन्मजात नाहीत?"

पुंजारामांनी क्षणभर विचार केला. "जन्मजात."

"दात किती?"

"कुठल्या गिअरचे?" चारुताने विचारले.

"जे मोठे असतील ते लिहू."

"छत्तीस."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "बैलाला बत्तीस असतात. चार जास्त कसे?" गाडीकडे बराच वेळ पाहून त्यांनी शेरा लिहिला : 'मालकाने निगा चांगली राखली आहे.' कानात बिल्ला मारायचा होता. कान सापडेनात, म्हणून उजव्या आरशाला पिवळा बारा आकडी बिल्ला ठोकला. लाळ्या-खुरकुताची लस मागच्या डाव्या टायरमध्ये टोचली. टायर फुस्स करून बसला. "होतं असं," डॉक्टर म्हणाले आणि लिहिले : 'लसीनंतर अर्धा दिवस विश्रांती.'

दाखला मिळाला. दात छत्तीस, रंग तांबडा, स्वभाव शांत. शेवटच्या पाहणीसाठी कायगावकर साहेब स्वतः शेडमध्ये आले. साळूबाईंनी चहा केला. सगळे सुरळीत होते. मग साहेबांनी सहज विचारले, "ही पळते तरी कशी?"

चारुताला खरे बोलायची सवय होती. तिने प्लग काढून दाखवला. इथे विजेची ठिणगी पडते, पेट्रोल पेटते, मिनिटाला हजारो वेळा.

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे विजेचा झटका?"

"तसंच म्हणा."

"मिनिटाला हजारो झटके?" साहेबांच्या घरी कुत्रा होता. ते खरोखर पांढरे पडले. "कलम नऊ. धावणाऱ्यास चाबूक, खिळा किंवा विजेचा झटका देता येणार नाही."

"साहेब, झटका दिल्याबिगर ती हालायचीच नाय," पुंजाराम म्हणाले.

"तेच तर कलम सांगतंय. धावायचं असेल तर तिनं आपल्या मर्जीनं धावावं."

प्लग काढून कापडी पिशवीत घातले, वर लाख ओतली, पिशवी कचेरीत जमा झाली. साहेबांनी परवाना हातात दिला आणि अभिनंदन केले. ते गेल्यावर पुंजाराम गाडीशेजारी पालथ्या डब्यावर बसून राहिले.

"अवं, कागद भेटला ना?" साळूबाई म्हणाल्या. "मंग तोंड का पाडलं?"

"लई गुणाची व्हती गं. मुकी केली तिला."

आता जिल्ह्यात प्रथमच एक परवानाधारक शर्यतीचे वाहन उपलब्ध झाल्याने शर्यत घेणे कक्षाला भाग पडले. 'वेग महोत्सव' जाहीर झाला. त्यात केवळ परवानाधारक वाहनांनाच प्रवेश होता, म्हणून प्रवेशिका एक आली. चारुता हेल्मेट घालून गाडीत बसली. प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले आणि त्यांनी झेंडा फडकावला. गाडी जागची हलली नाही. वीस मिनिटे वाट पाहिल्यावर परीक्षकांनी आपसात चर्चा केली आणि तिला पहिली जाहीर केले. दुसरा क्रमांक आणि उत्तेजनार्थही तिलाच गेले, कारण करंडक आधीच आणून ठेवले होते.

"अपघात शून्य, तक्रारी शून्य, प्रदूषण शून्य," कायगावकर साहेब माइकवर म्हणाले. "वेगाच्या इतिहासात हे प्रथमच घडत आहे." शेजारच्या दोन जिल्ह्यांतून अभ्यास पथके आली. त्यांनी गाडीची लांबी मोजली, चहा घेतला आणि अहवालात लिहिले की, हा प्रयोग सर्वत्र राबवण्याजोगा आहे.

पुढची पायरी सरळच होती. असे वाहन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणे शोभत नाही, असे ठरले. कक्षाने गाडीला जिल्ह्याचा वारसा घोषित केले आणि सिडकोतल्या एका चौकात चौथरा बांधायला घेतला. रंगीत दिवे, मोठाली अक्षरे, गाडीत बसून फोटो काढण्याची सोय.

पुंजाराम धावत कचेरीत गेले. "साहेब, ती आमची गाडी हाय. जानेवारीत कोइमतूर हाय!"

"पुंजारामजी, जिंकलेल्या गाडीला आता परत शर्यतीला नेऊन काय सिद्ध करायचं आहे?" साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्घाटनाला सपत्नीक या. गाडी पुसायला तुम्हीच हवेत. तुमच्याइतकी ती कुणाला माहीत आहे?"

पुंजाराम चौदा पायऱ्या उतरून खाली आले. खाली चारुता उभी होती. तिने विचारले, "काय म्हणाले?"

"पुसायला बोलावलंय."

मग चारुता म्हणाली, "काका, सील कुठल्या प्लगांना आहे?"

"पिशवीतल्या."

"आणि दुकानातल्या?"

पुंजारामांनी तिच्याकडे पाहिले. गेल्या महिन्याभरात ते पहिल्यांदा हसले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊला चौक फुलून गेला होता. पाहुण्यांच्या ताफ्यासाठी रस्ता रिकामा केला होता, खड्डे बुजवले होते, गतिरोधकसुद्धा उखडले होते. त्या रस्त्याने असे गुळगुळीत रूप यापूर्वी कधी पाहिले नव्हते. चौथऱ्यावर चारुता शोभेसाठी हेल्मेट घालून गाडीत बसली. पुंजाराम फडके घेऊन मागे वाकले. फडक्यात चार नवे प्लग होते. शीतपेयाच्या बाटलीत जे होते ते शीतपेय नव्हते. साळूबाई पदर पसरून आडोशाला उभ्या राहिल्या.

"झालं?" चारुताने विचारले.

"दे टोला."

गाडी गर्जली. दीड महिना मुकी असलेली गाडी अशी ओरडली की चौकातली कबुतरे उडाली आणि चौथऱ्यावरची दोन अक्षरे निखळून पडली. पुंजारामांच्या अंगावर काटा आला. त्यांना वाटले, आता तरी लोक बघतील.

"ओ काका, आवाज बंद करा ना!" सगळ्यात पुढे उभी असलेली मोनिका नावाची मुलगी ओरडली. "माझं रील चालूय, गाणं ऐकू येईना!"

"अरे भाई, फ्रेम में धुआँ आ रहा," तिच्या मागचा एक जण म्हणाला. "जरा साइड में लो इसको."

चारुताने साइडला घेतले. चौथऱ्याच्या उतारावरून गाडी सुटली, रिकाम्या रस्त्याला लागली, आणि पुंजाराम डोळे मिटून ऐकू लागले. दुसरा गिअर. तिसरा. मग चौथा. या शहरात त्या गाडीला चौथा गिअर कधी लाभला नव्हता. आवाज लांब लांब जात फर्दापूरच्या दिशेला विरला, तेव्हा त्यांचे गाल ओले होते. साळूबाईंनी काही न विचारता तेच फडके त्यांच्या हातात दिले.

हर्सूलजवळ एका हवालदाराने गाडी अडवली. त्याने आरशावरचा पिवळा बिल्ला वाचला आणि वायरलेसवर कळवले की मामला जनावराचा आहे, कोंडवाड्याला सांगा. कोंडवाड्याने उत्तर दिले की आम्ही फक्त बेवारस जनावरे धरतो, बिल्ला असेल तर मालकाने लेखी तक्रार द्यावी. कायगावकर साहेबांनी मालकाला गाठले.

"माझी तर काय तक्रार नाय, साहेब," पुंजाराम म्हणाले.

जानेवारीत गाडी टेम्पोतून कोइमतूरला गेली आणि तिसरी आली. यावेळी बातमी येऊ नये म्हणून पुंजारामांनी स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन हात जोडले. कारखाना आता दुसरीकडे आहे. कुठे, ते सांगता येणार नाही.

चौकाचे मात्र नुकसान झाले नाही. त्या दिवशी उद्घाटन ठरले होते, पाहुणे आले होते. कायगावकर साहेबांनी पेंटर बोलावून रिकाम्या चौथऱ्यावर पांढऱ्या रंगाने गाडीच्या आकाराची रेघ मारून घेतली आणि शेजारी पाटी लावली : 'येथे गाडी आहे. कृपया टायरवर पाय देऊ नये.' पाहुण्यांनी रेघेच्या आत बसून, दोन्ही हातांनी हवेतले स्टिअरिंग धरून पहिला फोटो काढला.

तेव्हापासून तिथे रोज गर्दी असते. गेल्या रविवारी तुम्हीही सहकुटुंब गेला होतात. पाऊण तास रांगेत होतात. तुमच्या मागच्या एका माणसाने मान उंच करून विचारले होते, "पण गाडी कुठंय?" आठवतंय? तुम्ही त्याच्याकडे रागाने पाहिलेत आणि म्हणालात, "शिकलेले दिसता, पाटी वाचता येत नाही?" मग तुमचा नंबर आला. तुम्ही रेघेच्या आत बसलात, टायरवर पाय पडू नये म्हणून सांभाळून.