ओट्याचं माप

मी गवंडी. शिक्षण चौथी. भांडगावात माझ्या हातची एकही भिंत आजवर पडलेली नाही, म्हणून मला कुणी शहाणपण शिकवत नाही. (घरातले सोडून.)

दोन हजार नऊची दिवाळी. मुलगी रश्मी पुण्याहून आली. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मांडीवर लॅपटॉप, तोंडात चकली.

"आबा, पुल रिक्वेस्ट टाकतेय. म्हणजे माझं काम सगळ्यांच्या कामात मिसळायच्या आधी बाकीच्यांना तपासायला देतेय."

"काम झालं का?"

"अर्धं झालंय."

"आन् अर्धं काम लोकाला दाखवतीस?"

"अर्ध्यात चूक सापडली तर पुसता येते, आबा. शेवटी सापडली तर पाडावं लागतं."

मी हसलो. पाडणं माझ्या धंद्यात बसत नाही.

बायको आक्काबाई जन्मभर खाली बसून स्वयंपाक करते. गुडघे कामातून गेलेले. म्हणून उभ्यानं रांधायला ओटा बांधायचं ठरवलं. ती आठ दिवस इनामगावला बहिणीकडं गेली तेव्हा काम काढलं.

रश्मीचा फोन आला. "विटा रचल्या की आईला एकदा उभी करून बघा."

"पुरा झाल्यावर दाखवीन."

माप स्वतःच्या कमरेवरून घेतलं. (मी सहा फूट.) कडप्पा बसवला, वर चादर टाकली.

आक्काबाई आली. मी चादर ओढली. ती ओट्यापुढं उभी राहिली. कडप्पा तिच्या छातीला लागला.

"दुकानदार," ती म्हणाली, "पावशेर साखर द्या."

"चेष्टा नको. मी पाडणार न्हाई."

"पाडा कोण म्हणतंय? ज्याच्या मापाचा त्यानं वापरावा." असं म्हणून ती खाटेवर पाय पसरून बसली.

महिना झाला. तिचे गुडघे उत्तम आहेत. भाकरी मी थापतो.

पहिल्या दिवशी पूर्ण झालेली भाकरी ताठ मानेनं नेऊन दाखवली.

"काठ जाड. मधी कच्ची. दुसरी करा."

पुढं तव्यावर टाकायच्या आधी दाखवू लागलो. मग थापायच्या आधी. तत्त्व मात्र सोडलेलं नाही, वेळ तेवढी बदलली.

परवा रश्मीनं फोनवर विचारलं, "आबा, आता आईला काम कधी दाखवता?"

म्हटलं, "परातीत पाणी ओतायच्या आधी. तांब्या घिऊनच खाटेपाशी उभा हाय."